पासवर आलेला नवरदेव

मुलीसाठी गोंदियाचं स्थळ ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यात मोठा आनंद हा होता, की पोरगी जवळ राहील. मोहाडीहून निघायचं, तुमसर रोडला गाडी धरायची आणि दुपारच्या जेवणाला तिच्या घरी. माझ्या तरुणपणी गोंदिया आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. पुढे जिल्ह्याचे दोन भाग झाले, पण आम्ही कोणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळं पहिल्यासारखंच चालू होतं. मधे खरोखरची एक सीमा आहे, हे मला टाळेबंदीत कळलं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते, तरी गल्लीत सगळे मला अजून सिस्टरच म्हणतात. या कामात एक सवय हाडात मुरते. कोणत्या खाटेवरच्या पेशंटला काय, कधी द्यायचं, ते सगळं आपल्याच डोक्यात हवं. लग्नाचंही मी तसंच केलं. लग्न तुमसरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये, जेवण जवळच्याच हॉलमध्ये, स्वयंपाकी भंडाऱ्याचा, केक आणि पांढरी साडी नागपूरची. गाणारी पोरं कुठे उभी राहतील, तेही मी ठरवून टाकलं होतं. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. ते म्हणायचे, "प्रभूसाठी काही काम शिल्लक ठेवशील का नाई?" मी म्हणायचे, "प्रभूला मांडववाले ओळखत नाहीत."

लग्न मे महिन्यात होतं. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार करायची असते ती घोषणाही होऊन गेली, आणि मग एका संध्याकाळी देशच बंद झाला.

पहिले काही दिवस मी फोनवरून किल्ला लढवला. हॉलवाला म्हणाला, कुलूप लागलंय. स्वयंपाकी आपल्या गावी निघून गेला होता. साडीचं दुकान फोनच उचलेना. जबलपूरचे दीर, रायपूरची बहीण, एकेक जण हळहळत नाही म्हणाला. चर्चही बंद. मी रोज सकाळी टीव्हीसमोर बसून नवे नियम ऐकायची आणि नवा बेत आखायची. संध्याकाळपर्यंत नियम बदललेले असायचे.

प्रार्थना करत नव्हते असं नाही. उलट जास्तच करत होते. एके सकाळी आम्ही तिघं गुडघ्यावर होतो आणि मी मोठ्याने बोलत होते. प्रभू, पंधरा तारखेच्या आत रेल्वे सुरू कर, कलेक्टर साहेबांचं मन वळव, नागपूरच्या दुकानदाराला आठवण करून दे. आमेन म्हटल्यावर मुलीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, तू प्रार्थना करतेस की प्रभूची ड्युटी लावतेस?"

तिचे वडील तोंड फिरवून हसले. मला राग आला. मी उठून परसात गेले.

परसात आमचं आंब्याचं झाड आहे. त्याच्या सावलीत बाजेवर मी बराच वेळ बसले. राग लवकरच गेला, कारण पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरीत मी कितीतरी बाळंतपणं केली होती. तिथे एक वेळ अशी येते, की नर्सनं करायचं ते सगळं करून झालेलं असतं. मग आई आणि बाळ यांच्यामधलं जे काही आहे ते आपल्या हातात नसतं. अशा वेळी मी मनात येशूचं नाव घेऊन थांबत असे. परक्यांच्या लेकरांच्या वेळी मला थांबता यायचं. स्वतःच्या लेकराच्या वेळी मात्र माझी पकड सुटत नव्हती.

मी म्हणाले, "प्रभू, हे लग्न तू घे. कधी, कसं, कोणासमोर, मला माहीत नाही. मला जमत नाही." एवढंच. नंतर आणखी काही सांगावंसं वाटलं, ते मी सांगितलं नाही. तेच अवघड गेलं.

काही चमत्कार झाला नाही. फोन वाजला नाही. फक्त मला भूक लागली. आत जाऊन मी ताटभर वरणभात खाल्ला. कितीतरी दिवसांनी जेवणाची चव लागली.

आमच्या शेजारी विणकराचं घर आहे. पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं काम करणारी ही माणसं. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच, पण त्यांच्या तिन्ही पोरांचं लसीकरण माझ्या हातचं, आणि माझी पोरगी त्यांच्या मागाखाली खेळून मोठी झालेली. त्या आठवड्यात तिथल्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या.

"सिस्टर, पोरीची साडी अडकली म्हणे नागपुरात?"

"अडकली. आता घरातलीच एखादी नेसवू."

मागून त्यांचे यजमान आले. "असं कसं? माग रिकामा पडला हाये. कोशाचं सूत हाये, ताणा चढवून हाये. एका ऑर्डरचं होतं, तो आता घेत नाई म्हणते. पण रंग द्यायले रंग नाई माह्यापाशी. बिनरंगी चालते काय तुमच्यात?"

"दादा, आमच्यात तर नवरीला तशीच लागते," मी म्हणाले.

दोघंही हसायला लागले. "पण काठ लाल हाये बरं," वहिनी म्हणाल्या. "तो तं आता ताण्यातच हाये. तो कसा काढावा?"

महिन्याभरापूर्वी मी लाल काठावर तासभर वाद घातला असता. पोरीनं सुताचा तो उन्हासारखा रंग पाहिला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हीच."

दुसऱ्या दिवसापासून माग चालू झाला. गाड्या नाहीत, भोंगे नाहीत, अशा त्या सुन्न गल्लीत खटाक-खटाक आवाज दिवसभर ऐकू यायचा. सगळ्यांनाच त्यानं बरं वाटायचं. तोंडाला रुमाल बांधून लोक दारातून विचारायचे, "कुठवर आली नवरीची साडी?"

तिकडे नवरदेव जिल्ह्याची सीमा ओलांडायच्या पासच्या मागे लागला होता. त्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. तो फोनवर ओशाळून म्हणाला, "आई, जिल्हा एकच राहिला असता तर चालत आलो असतो." मी म्हणाले, "बेटा, येशू ख्रिस्ताला पास लागत नाही. तो तुझ्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. जेव्हा यायचं तेव्हा ये." हे मी बोलले याचं माझं मलाच नवल वाटलं. यजमानांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं.

आणि मग एका दुपारी त्याचाच फोन आला. पास मिळाला होता. नवरदेव आणि त्याचे आईवडील, एक गाडी, आणि फक्त उद्याचा दिवस. संध्याकाळपर्यंत नवरीला घेऊन परत फिरायचं. आम्ही मनात धरलेल्या तारखेला अजून आठवडा होता.

मी विचारायला गेले तर साडी मागावरच होती. दादांनी हातानं माप घेतलं. "नेसण्यापुरती झाली. पदर तेवढा राहिला."

"राहू द्या. आहे तेवढी काढा."

"बिनपदराची?"

"बिनपदराची."

पण त्यांनी ऐकलं नाही. ते पुन्हा मागावर बसले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्यांनी साडी कापून दिली. पदर वीतभर विणलेला, आणि त्याच्या पुढे सुटे धागे. वहिनी आणि त्यांची सून आमच्या ओट्यावर बसून त्या धाग्यांना गाठी मारत होत्या. आत पोरगी केस धुऊन बसली होती, आणि मी तिच्यासाठी पोहे करत होते. मला दुसरं काही काम उरलेलं नव्हतं. गल्लीनंच सगळं वाटून घेतलं होतं. कोणी मोगरा तोडून आणला, कोणी चिन्नोरचा तांदूळ. समोरच्या घरातून लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास येत होता. केक नव्हता. यजमानांनी कैरीचं पन्हं मात्र बादलीभर केलं होतं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तुमसरहून आपल्या जुन्या स्कूटरवर आले. चौकातल्या पोलिसानं त्यांना अडवलं होतं. त्यांनी सांगितलं, सिस्टरच्या पोरीचं लग्न लावायला चाललोय. त्या पोलिसाच्या बायकोचं बाळंतपण आमच्याच दवाखान्यातलं. "मंग थांबले कायले? जा ना," तो म्हणाला.

लग्न परसातच झालं, आंब्याखाली. आम्ही मोजकी माणसं आत, बाकी गल्ली भिंतींपलीकडे आणि गच्च्यांवर. गाणारी पोरं नव्हती, म्हणून आम्हीच गायलो, आणि यजमानांचा सूर नेहमीसारखा घसरला. पाळकसाहेबांनी छोटासा उपदेश केला. म्हणाले, "प्रभू येशूनं पहिला चमत्कार लग्नघरी केला. काना गावातल्या त्या लग्नाची तयारीही फसलीच होती. द्राक्षारस संपला होता. त्याच्या आईनं त्याला फक्त तेवढं सांगितलं आणि पुढचं त्याच्यावर सोडलं. सिस्टर, तुम्ही एकट्या नाही." सगळे हसले, मीही हसले. मग पोरीनं वचन दिलं, तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. माझे डोळे मात्र भरून आले. गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. दादांचं लक्ष नवरानवरीकडे नव्हतंच, ते साडी कशी पडलीय ते बघत होते.

विहीणबाई माझ्याशेजारी बसून वडे खात होत्या. म्हणाल्या, "बाई, माझ्या मनात केवढं मोठं लग्न होतं. आता वाटते, त्यात मले एवढं जेवताच आलं नसतं."

ऊन उतरायच्या आत त्यांना निघावं लागलं. पोरगी गाडीत बसली. पुन्हा भेट कधी, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. मी खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला प्रभूच्या हाती दिलं. या वेळी बरोबर एकही सूचना दिली नाही. ती समजली असावी, कारण ती रडता रडता हसली. गाडी वळणाआड गेली.

मी दारातच उभी होते. छातीत पोकळी होती, पण भीती नव्हती. मी ती शोधूनही पाहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनींनी हाक मारली, "सिस्टर, पन्हं उरलं हाये तुमच्याकडं. एकट्या काय करून राहिल्या? आणा इकडं." मी आणि यजमानांनी दोन बाजूंनी बादली उचलली आणि त्यांच्या ओट्यावर गेलो.