न मारणारे गुरुजी

आमच्या गावात गुरुजींचं नाव मोठं होतं, कारण ते पोरांना मारत नसत. तलावापलीकडच्या गावातल्या शाळेत छडी चालायची आणि तिथली पोरं पोटऱ्यांवरचे वळ बाजारात दाखवत फिरायची. आमच्या पोटऱ्या कोऱ्या होत्या. गुरुजी रस्त्यानं निघाले की माणसं हातातली बिडी लपवायची आणि ते पुढे गेले की म्हणायची, "आपले गुरुजी म्हंजे गाय हाये, गाय." गोंडपिपरी तालुक्यातल्या त्या शाळेत मी पहिली ते सातवी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी मला कधी हात लावला नाही, कधी आवाज चढवला नाही. तरी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून इतकी पक्की करून घेतली की तिच्यापायी पुढे माझी माय जाता जाता राहिली. ती गोष्ट म्हणजे "हो, समजलं" म्हणणं.

गणिताचा तास जेवणाच्या सुट्टीच्या आधी असायचा. व्हरांड्याच्या टोकाला चुलीवर खिचडी शिजायची आणि तिचा वास खिडकीतून थेट आमच्या नाकात यायचा. शिकवून झालं की गुरुजी खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि विचारायचे, "समजलं का सगळ्यांना?" कोणी नाही म्हटलं तर ते हसायचे. रागावून नाही, चांगले तोंडभर हसायचे. "बसा रे सगळे. या महाराजांना समजलं नाही. यांना समजेपर्यंत कोणी उठायचं नाही." मग त्या पोराला उभं करून तेच वाक्य, त्याच शब्दांत, बहिऱ्याला सांगावं तसं सावकाश पुन्हा सांगायचे. शब्द एकही बदलायचा नाही. बाकीची पोरं उभ्या पोराकडे अशी बघायची की त्यापेक्षा छडी बरी. म्हणजे शिक्षा एकाची, भूक सगळ्यांची, आणि राग पुन्हा त्या एकावरच. आता दुरून बघताना मला ही युक्ती मोठी हुशारीची वाटते. गुरुजींना हात उचलायची गरजच पडत नव्हती, ते काम वर्ग करायचा.

माझी पाळी चौथीत आली. गुरुजींनी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहिलं आणि सांगितलं की पहिला मोठा, दुसरा लहान. मला ते पटलं नाही. मी उभी राहून विचारलं, "गुरुजी, तीनापेक्षा चार मोठे ना? मंग चारवाला लहान कसा?"

"आज महाराणींना प्रश्न पडला," गुरुजी म्हणाले. "बसा रे सगळे."

मग ते सांगायला लागले. खालचा अंक मोठा, तर अपूर्णांक लहान. मी म्हटलं, काऊन? ते म्हणाले, खालचा अंक मोठा, तर अपूर्णांक लहान. पहिलीची पोरं जेवून ताटल्या धुवायला हापशीवर गेली, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. खिचडीवाली बाई दारात डोकावून गेली. शेजारी बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "हो गुरुजी, समजलं."

"नक्की समजलं? का भूक लागली?"

सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले आणि आम्हाला सोडलं. खिचडी बुडाला लागली होती. माझ्याजवळ कोणी ताटली घेऊन बसलं नाही, आणि सातवी होईपर्यंत माझं नाव महाराणी पडलं ते पडलंच.

त्या प्रश्नाचं उत्तर मला कितीतरी वर्षांनी तलावाच्या बांधावर मिळालं. आमच्याकडे मासेमारी झाली की मासळीचे ढीग घालून वाटे करतात. एक दिवस एक वाटेकरी वाढला आणि प्रत्येकाचा ढीग लहान झाला, एवढंच ते होतं. हे ढीग मी लहानपणापासून बघत आले होते. गुरुजींनी म्हटलं असतं, तलावावर तीन वाटेकरी असले तर तुझ्या मायचा वाटा मोठा की चार असले तर, तर मी झोपेतही सांगितलं असतं. त्यांना ते सुचलं नसेल. सुचत नाही माणसाला, ते मी समजू शकते. पण ते हसायचे कशाला, हे काही मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवसानंतर मी "हो" म्हणायला शिकले आणि त्यात पारंगत झाले. त्यालाही कसब लागतं. सगळ्यांच्या आधी म्हणायचं नाही, नाहीतर फळ्यावर बोलावतात. सगळ्यांच्या मागून म्हणायचं नाही, संशय येतो. मान थोडी हलवायची आणि गुरुजींच्या डोळ्यांत बघायचं, कारण खाली बघणारा पकडला जातो. हळूहळू सगळ्या वर्गाचीच अळीमिळी गुपचिळी झाली. तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं, "समजतं का रे गुरुजींचं?" आम्ही एका सुरात हो म्हटलं. साहेब खूश, गुरुजी खूश, आणि आम्हाला त्या दिवशी सुट्टी लवकर मिळाली.

चिमटा काढणारी माझी मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. पण तिला खोटं हो म्हणणं जमायचं नाही, जीभच वळायची नाही तिची. त्यामुळे उभी राहायची पाळी बहुतेक तिच्यावर यायची. मग ती गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी जायला लागली, मग शनिवारी, मग आठवडा आठवडा. तिला शाळेतून कोणी काढलं नाही. सातवीनंतर ती आपणहून धानाच्या रोवण्याच्या कामाला जाऊ लागली. आता भेटली की म्हणते, "माहं डोस्कंच नव्हतं वो शिकाचं." हे ऐकलं की मला संताप येतो. तिचं डोकं होतं. मी बघितलं आहे.

मी मात्र शिकले. गाईडं पाठ केली, पेपर लिहिले, पेपरातून बाहेर आले की सगळं विसरले. पुढचं पाठ, मागचं सपाट, असं करत करत बी. ए. झाले. गोंडपिपरीत एका कापडाच्या दुकानात नोकरी लागली. दुकानाचे मालक, सेठ, भराभर हिंदीत सांगायचे की आतून अमुक अस्तर आण, तमुक फॉल आण. नीट कळलं नाही तरी मी "हो" म्हणून आत जायची आणि तीन प्रकारचं अस्तर उचलून आणायची. एखादं तरी बरोबर निघायचं. सेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "लडकी मेहनती है, एक बोलो तो तीन लाती है." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही अशी.

गुरुजी रिटायर झाले तेव्हा गावानं शाल आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. मी गेले होते. एक जण माईकवर म्हणाला की यांनी कोणाला बोट लावलं नाही. खरंच होतं ते. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मायला साखरेची बिमारी निघाली. बाप गेल्यापासून घर तिच्याच मासळीवर चाललेलं होतं, मरळ असो की झिंगे, टोपली डोक्यावर घेऊन ती आजही बाजाराला जाते. तिला चक्कर यायला लागली म्हणून मी सुट्टी काढून तिला चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते, पण दारात माणसावर माणूस उभा होता. त्यांनी टेबलावर गोळ्यांची तीन पाकिटं टाकली आणि पेनाच्या टोकानं दाखवत गेले. "ही सकाळी जेवणाआधी, ही नंतर, ही रात्री. मील स्किप झालं तर ही स्किप करायची, बाकीच्या कंटिन्यू. ही उपाशी पोटी घ्यायचीच नाही. समजलं ना?"

पेन यातल्या कोणत्या पाकिटावर टेकलं, ते मला दिसलंच नाही. दोन पाकिटांतल्या गोळ्या पांढऱ्या होत्या, एक मोठी, एक लहान. माय पुढे सरकली, पदर सावरला आणि बोलायला तोंड उघडलं, "सायेब, म्हंजे..."

मी तिचा हात दाबला. मागच्या रांगेतून कोणीतरी खाकरलं होतं. मी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हो, समजलं."

एसटीत बसल्यावर मी ती पाकिटं उलटीपालटी करून बघितली. औषधाच्या दुकानवाल्यानं वर सकाळ-संध्याकाळच्या खुणा केल्या होत्या, पण उपाशी पोटी न घेण्याची कोणती, ते कुठेच नव्हतं. परत जाऊन विचारावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, डॉक्टर म्हणतील, आत्ता तर हो म्हणालीस. गाडी गोंडपिपरीच्या फाट्यापर्यंत पोचली तोवर मी स्वतःला समजावून टाकलं होतं की आपल्या घरी उपाशी कोण राहतं.

चतुर्थीला सकाळीच मायचा फोन आला. मी दुकानाचं शटर उघडत होते.

"आज माहा उपास हाये वो. बाजारालेबी जातो. डाक्टरनं एक गोळी सोडाले सांगतली ना? कोनती सोडू?"

"मोठी पांढरी सोड," मी म्हटलं. "लहान घेऊन घे." माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. अडखळला असता तर तिनं पुन्हा विचारलं असतं.

दुपारी दुसरा फोन आला, मायच्याच नंबरवरून, पण पुरुषाच्या आवाजात. बाजारात तिच्या शेजारी बांगड्यांचं दुकान लावणारे चाचा होते. माय मासे तोलता तोलता घामानं डबडबली, काहीतरी बरळली आणि टोपलीवरच पडली होती. चाचांना स्वतःलाच साखरेची बिमारी, त्यामुळे त्यांना लगेच कळलं. त्यांनी चहावाल्याकडून मूठभर साखर आणून तिच्या गालात सारली, ऑटोत घातलं आणि गोंडपिपरीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मी दुकानातून धावत गेले तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं. तिचे हात मासळीचे होते, बोटांवर खवले तसेच चिकटलेले. मी त्या खवल्यांकडे बघत बसले, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

"उपाशी पोटी ही गोळी कोणी घ्यायला सांगितली?" तिथल्या डॉक्टरबाईंनी लहान पांढरी गोळी दाखवून विचारलं.

"मी."

"तुम्हाला चंद्रपूरला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी मायच्या बोटांवरचे खवले खरवडायला लागले आणि बाई पुढच्या खाटेकडे वळल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे मात्र त्या मला जाता जाता सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मायला सुट्टी मिळाली. सिस्टरनं खाटेवर गोळ्या मांडल्या आणि सांगितलं, कोणती कधी, उपासाला काय करायचं, चक्कर आली तर काय करायचं. "समजलं ना?" तिनं विचारलं. माझी मान हलून गेलीसुद्धा होती.

"नाई समजलं बाई," माय म्हणाली. "अजून एकडाव सांग."

शेजारच्या खाटेचे नातेवाईक सिस्टरची वाट बघत उभे होते. त्यातला एक जण चुळबुळला. माझे कान तापले. सिस्टरनं सुस्कारा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माय प्रत्येक गोळीवर बोट ठेवून तिचं सांगणं तिलाच परत सांगत होती. दुसरी चुकली. मग सिस्टरनं तिसऱ्यांदा सांगितलं. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही, शेजारचे नातेवाईक उभे होते ते उभेच राहिले. "हां, आता बसलं डोस्क्यात," माय म्हणाली आणि गोळ्या पदरात बांधायला लागली.

बाहेर ऑटोची वाट बघताना माझ्यानं राहवलं नाही. थोडी चिडूनच मी विचारलं, "माय, इथी सिस्टरले तीनदा इचारलं. मंग चंद्रपूरच्या डाक्टरले काऊन नाई इचारलं?"

"इचारतच तं होती," माय म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती रस्त्याकडे बघत होती. "उपासाचंच इचारत होती. तू माहा हात दाबला. मले वाटलं, आपण तं कधी शाळेत गेलो नाई, पोरगी एवढी शिकली हाये, तिले समजलं असन. म्हनून मी उगी राह्यली."