टेम्पोतली पदयात्रा

घर नसलेल्या मुलांसाठी निपाणी ते बेळगाव चालताना मी माझी सख्खी मुलगी हरवली.

रस्त्यावर राहणाऱ्या पोरांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून श्रावणीच्या शाळेनं तीन दिवसांची पदयात्रा काढली होती. श्रावणी पंधरा वर्षांची. तिची आई मला म्हणाली, "तुमी जावा संगट. पर जमंल काय?" आता मी बेळगावातल्या शहापूरचा विणकर, दिवसभर मागापुढं उभा! "त्यात काय हाय?" मी म्हणालो. (माग जागचा हलत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.)

तिसऱ्या दिवशी तळपायांना फोड आले. काकतीच्या अलीकडे भाजीचा टेम्पो थांबलेला दिसला आणि माझी बुद्धी फिरली. श्रावणीला म्हणालो, "तू हो फुडं, मी झुडपामागं जाऊन आलोच." झुडपामागून थेट कोबीवर! चार किलोमीटर पुढं उतरून देवळाच्या कट्ट्यावर बसलो. बऱ्याच वेळानं मंडळी आली तेव्हा "किती हळू चालताय रं!" असंही वर बोललो.

"काका, श्रावणी कुटं हाय?" तिच्या मैत्रिणीनं विचारलं. "तुमी आला न्हाय म्हणून ती तुमाला हुडकायला माघारी गेलीय!"

तिला फोन लावला, तर तो माझ्याच खिशात वाजला. (चालताना मोबाईल नको, ही शिस्त माझीच!) हायवेवर ट्रक धडाधड चाललेले आणि माझी पोर एकटी. फोड विसरून मी पळत सुटलो. डोळ्यांपुढे नाही नाही ते यायला लागलं. एका चहावाल्याला विचारलं, "एक पोरगी बगितलीसा काय?" त्यानं माझ्या छातीवरचा 'एकही मूल रस्त्यावर नको' हा बिल्ला सावकाश वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, की पाणी मागायचीही हिंमत झाली नाही.

शेवटी ती एका घराच्या पुढच्या सोप्यात दिसली. मांडी घालून भाकरी खात होती! मला रडूच फुटलं. आत शिरणार, तोच घरमालकीण आडवी आली.

"कोन तुमी?"

"बाप हाय तिचा."

"बाप? आन् ह्ये काय?" तिनं श्रावणीच्या गळ्यातली पाटी दाखवली. 'मला घर हवं आहे.' सगळ्याच मुलांच्या गळ्यात तशा पाट्या होत्या.

"पप्पा, मी सांगितलं आक्कांना, ही नुसती पदयात्रेची पाटी हाय म्हणून. त्या ऐकतच न्हाईत. म्हनत्यात, आदी जेव."

"झुडपामागं गेलेला बाप," आक्का म्हणाल्या, "फुडनं पळत कसा आला?"

"टेम्पोतनं गेलतो," मी पुटपुटलो. श्रावणीचा घास हातातच राहिला.

"आईचा नंबर दे गं," आक्का तिला म्हणाल्या.

आक्कांनी सगळी हकिगत सांगितली, टेम्पोसकट. फोनमधून बराच वेळ मागाचा खडखडाट ऐकू येत होता. मग माग थांबला आणि श्रावणीची आई बोलली.

"पोरगी आमचीच हाय, आक्का. आमी आत्ता येतोय न्यायला. तवर त्या मानसाला भाईर सोडू नका. त्यास्नी एकट्याला वाट घावत न्हाय."

"व्हय की," म्हणत आक्कांनी मला भिंतीकडेला बसवलं आणि श्रावणीला बजावलं, "आई येईपत्तोर बापावर ध्यान ठेव गं."

श्रावणीनं माझं मनगट घट्ट धरलं. मी ते सोडवलं नाही. पळायचं म्हटलं तरी, एक चप्पल हायवेवरच राहिली होती!