रशीदचाचांचं देणं

रशीदचाचा गेल्याचा फोन मी संस्थेच्या काउंटरवरच घेतला. चेअरमननी लगेच सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. "लई प्रामाणिक माणूस व्हता," ते म्हणाले. मी मान वर केली नाही. केली असती तर तोंडातून काय निघालं असतं, सांगता येत नाही...

जुन्नरहून रोज एसटीनं घोडेगावला येऊन चाचांनी आमच्या दूध संस्थेचे हिशेब एकोणतीस वर्षं लिहिले. निरगुडसरहून येऊन मी इथं नवी लागले तेव्हा बी.कॉम. होऊनही मला ताळेबंद जमत नव्हता. त्यांनी डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे बोट केलं. "बिल एप्रिलात येईल, पोरी. पण लाइट मार्चात जळली ना? मग खर्च मार्चचाच. पैसे दिले न्हाईत म्हणून देणं नाहीसं व्हत न्हाई."

ह्याच हट्टापायी त्यांची नोकरी गेली. एका मार्चअखेरीला, डिंभ्याकडून येऊन दुधाचे कॅन धुणाऱ्या अकरा बायकांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. सभेत नफा दाखवायचा म्हणून चेअरमन म्हणाले, "तेवढं यंदा धरू नका." चाचांनी अकराही नावं चालू देण्यांत लिहिली. नफ्याचा तोटा झाला, सभेत बोंबाबोंब झाली. बायकांना पगार मिळाला आणि चाचांना घरी बसवलं.

त्यांची स्वतःची ग्रॅच्युइटी मात्र दिली नाही. तीन वर्षं ते दर महिन्याला विचारायला यायचे. ज्या माणसानं सगळ्यांची देणी लिहिली, त्याला चेअरमन बाहेरच्या बाकड्यावर तासन् तास बसवायचे! "पुढल्या महिन्यात बघू." आणि मी आत मुकाट्यानं व्हाउचर लिहीत बसायचे. चेअरमनपेक्षा माझाच मला जास्त संताप येतो.

ते गेल्यावर महिन्याभरात मार्चअखेर आली. देण्यांच्या यादीत मी त्यांचं नाव आणि रक्कम लिहिली. चेअरमन उसळले. "माणूसच गेला, आता कुणाचं देणं?"

"चाचींचं," मी म्हणाले. "खोडायचं तर तुम्ही खोडा आणि खाली सही करा."

त्यांनी खोडलं नाही. पैसेही अजून दिलेले नाहीत.

संध्याकाळी निघताना चाचा, ज्यांचं काम झालं पण पैसे द्यायचे राहिले, त्यांची नावं चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवत. ते टेबल आता माझं आहे. काचेखाली सध्या एकच चिठ्ठी आहे, मी ठळक अक्षरांत लिहिलेली. चेकवर सही करायला चेअरमन रोज तिथंच वाकतात.