चिंचेने घासलेली फौज

गोपालभाऊ पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांच्या अंगाला झेंडूचा वास होता आणि काखेत रिकामी टोपली होती. दुकान म्हणजे अकोल्यातलं चष्म्याचं दुकान. मी तिथं नोकरीला आहे. मालक दुसरेच आहेत, तरी 'आमचं दुकान' म्हणायची सवय मला फुकटात लागली आहे.

"भिंग हाय का?" त्यांनी विचारलं.

"वाचायसाठी पाहिजे का, काका?"

"काका कोनाले म्हनतं बे? डोये रंगवाचे हायेत. घोड्याचे, आन् घोड्यावरच्या मानसाचे. मानूस एवढा." त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं.

मी भिंग दिलं. यांचे डोळे तपासावेत की डोकं, असा प्रश्न पडला होता, पण दुकानात डोक्याचं मशीन नव्हतं.

पुढं कळलं ते असं. जगात काही शहाणी माणसं टेबलावर लढाया खेळतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक सुट्या तुकड्यांत मिळतात, काही धातूचे, काही प्लास्टिकचे. ते जोडायचे, नको तो हात कापून हवा तो लावायचा, रंगवायचे, आणि मग टेपनं अंतर मोजत, फासे टाकत एकमेकांच्या अंगावर घालायचे. अमरावतीत हे शहाणपण हरिहर वकिलांच्या ऑफिसवरच्या हॉलमध्ये दर रविवारी चालतं. त्यांच्याकडे वास्तुशांतीला गोपालभाऊ फुलं घेऊन गेले होते. स्टुलावर चढून हॉलच्या दाराला तोरण बांधता बांधता त्यांना आतलं टेबल दिसलं. वकिलीणबाई सांगतात, ते तोरण अजून एका बाजूनं बांधायचं राहिलं आहे.

गोपालभाऊ बाळापूरचे. वडील शेषराव गेले तेव्हापासून फुलशेती आणि थोडा भाजीपाला हेच दोघांचं, म्हणजे त्यांचं आणि त्यांच्या आईचं, माणिकबाईंचं, जग. पहाटे अकोल्याच्या बाजारात माल उतरवायचा, आणि दुपारी घरी येऊन पडवीत रंगवत बसायचं. शेवंतीच्या देठातून सुई नेणारा हात असल्यामुळे तो हलतच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात कुंचल्यावरचा रंग टेबलापर्यंत पोचायच्या आत वाळतो. अमरावतीची मंडळी त्यावर परदेशातून काहीबाही मागवायची. गोपालभाऊंनी फुलं ताजी ठेवायचं ओलं पोतं कापून डब्यात घातलं, वर बटर पेपर टाकला आणि त्यावर रंग काढला. तो संध्याकाळपर्यंत ओला राहिला. आता वकीलसाहेबांकडेही पोत्याचा डबा आहे. फक्त ते त्याला पोतं म्हणत नाहीत.

मला त्यांनी यात ओढलं तो काळ माझा बरा नव्हता. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेतून निघताना मी अधिकारी होणार हे गुरुजींनी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. सांगितलं नाही ते फक्त परीक्षा घेणाऱ्यांना. परीक्षा देऊन देऊन झाल्या, मग ही नोकरी धरली, आणि घरी 'तात्पुरती' म्हणून सांगितली. संध्याकाळी खोलीवर येऊन पंख्याकडे बघत पडायचं, एवढाच उद्योग होता. एके दिवशी भिंग बदलायला आलेल्या गोपालभाऊंनी काउंटरवर एक बिनडोक्याचा शिपाई ठेवला, बाजूला एक सुटं डोकं आणि एक कुंचला ठेवला.

"आधी याले मुंडकं बसव," म्हणाले. "तुयं मंग पाहू."

मी ते उलटं बसवलं. तो शिपाई अजून माझ्याकडे आहे, पाठीकडे बघत लढतो. पण त्या रात्री मी पंख्याकडे बघितलं नाही. पुढं माझी अख्खी फौज उभी राहिली, आणि तिच्या प्रत्येक माणसाचे डोळे गोपालभाऊंनी रंगवले, कारण मी रंगवले की सगळे चकणे व्हायचे.

असं त्यांनी रविवारच्या त्या क्लबात सगळ्यांचं रंगवलं. स्वतःची फौज मात्र नव्हती. वकीलसाहेब त्यांना जुने, तुटके धातूचे तुकडे द्यायचे: खांद्यापासून गेलेले हात, तीन पायांचे घोडे, परदेशी सरदार. त्यातून गोपालभाऊ हळूहळू एक फौज जोडत होते. सरदारांच्या लोखंडी टोपांवर पुट्टीचे फेटे चढले. भाले खराट्याच्या काड्यांचे झाले, ढाली बाटलीच्या झाकणांच्या. मागे एक बाई होती, डोक्यावर टोपली घेतलेली, मुळात कुठल्यातरी परदेशी राजाची दासी.

"ही कोण?" मी विचारलं.

"माय. तिच्याबिगर बाळापूर होते का?"

कारण ती फौज बाळापूरची होती. गावात किल्ला आहे, पण लहानपणी त्याच्यावरून लढाई खेळताना ते नेहमी खालून दगड फेकणाऱ्यांत असायचे, किल्ल्यातल्या फौजेत कधीच नाही, असं ते सांगायचे. "एकदा बाळापूर टेबलावर उतरलं पाह्यजे," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि उतरणं सोपं नव्हतं. फूलवाल्याला रविवार नसतो. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नं. मध्ये सापडतो तो दसऱ्यानंतरचा एक रविवार. तो हुकला की थेट पुढच्या वर्षी. शिवाय वकीलसाहेबांचा नियम होता: अंगावर किमान तीन रंग आणि पायाखाली माती असल्याशिवाय फौज टेबलावर येणार नाही. एकदा माझ्या घोडेस्वारांना दोनच रंग होते, तर मला दुपारभर बाहेरच्या बाकावर पक्षकारांसारखं बसवलं होतं.

या वर्षी गोपालभाऊंनी नवरात्राआधीच सगळ्यांना काळा अस्तराचा रंग मारला. अस्तर असलं की वरचा रंग धरतो. घाईत एकच राहिलं, धातूला लागलेलं तेल आधी साबणानं धुवायचं. काळी फौज त्यांनी परातीत, देवघराच्या बाजूला ठेवली आणि झेंडूच्या गाड्यांमागे लागले. दसरा झाला की रंगवायचं ठरलं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी फोन आला. "योगेश, फौज गेली."

"कुठं?"

"मोरीत."

शनिवारी सुट्टी टाकून मी बाळापूर गाठलं. पडवीत माणिकबाई हार गुंफत बसल्या होत्या, आणि गोपालभाऊ परातीपुढं मांडी घालून बसले होते, प्रेतापुढं बसतात तसे.

झालं होतं असं. खंडेनवमीला गोपालभाऊ बाजारात. घरी माणिकबाईंनी पूजेला विळा, खुरपं, तराजू, फवारणीचा पंप आणि मोटरसायकल अशी सगळी हत्यारं काढली. तेवढ्यात देवाजवळची परात दिसली. घरातली सगळ्यात जास्त हत्यारं त्यातल्याच माणसांच्या हातात होती.

"काये ठिक्कर पडले होते, बापा," माणिकबाई मला म्हणाल्या. "देवाच्या बाजूले ठेवलेले, आन् असे काये? म्या चिंच लावली, राख लावली, घासले. एकेक घासला. आता पाह्य कसे लखलखून राहिले!"

"माय, थो रंग होता," गोपालभाऊ हळूच बोलले.

"काया? देखन्या पोराईले कोनी कायं रंगवते का?"

स्वतःलाही त्यांनी घासून काढलं होतं. टोपलीवाली बाई परातीत सगळ्यात जास्त चमकत होती.

मी भिंगातून पाहिलं. तेलामुळे अस्तर धरलंच नव्हतं, सालपटासारखं निघालं होतं. पण चिलखताच्या कड्याकड्यांत, घोड्याच्या आयाळीत, बोटांच्या फटीत काळं तसंच राहिलं होतं. वर चकचकीत धातू, खाली सावली. गोपालभाऊंनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

"आपन काया लावतो, मंग वरून चंदेरी पुसतो," ते म्हणाले. "तरी असं लोखंड नाई येत. मायनं उलटं केलं, आन् आलं."

"मंग रडून कावून राहिला?" माणिकबाई म्हणाल्या.

"उद्या तीन रंग पाह्यजे. आन् अस्तराबिगर रंग बसत नाई." त्यांनी काळ्या रंगाचा डबा उचलला.

माणिकबाईंनी हातातला हार खाली ठेवला. "पूजा झाली त्याईची. पूजलेल्याले कायं फासशील?"

घरात एवढंच झालं, आणि डबा खाली गेला. गोपालभाऊ बाजारात अडत्याशी दिवसभर भांडतील, पण आईच्या या आवाजापुढं त्यांचं काही चालत नाही. आणि खरं सांगायचं तर तो चकचकाट झाकायचं त्यांच्याही मनात नव्हतं.

आम्ही लाल रंग नुसत्या धातूवर लावून पाहिला. अंगठा फिरवताच निघाला. पिवळा लावला, तोही निघाला. दुपार चालली होती. मग गोपालभाऊंची नजर सैनिकांच्या कपाळावर गेली. पूजेची हळद आणि कुंकू तिथं होतं, बोटानं पुसलं तर जात होतं.

"वार्निश," ते म्हणाले.

रंग झाल्यावर वरून मारायचं वार्निश त्यांनी झाकणात घेतलं, चिमूटभर हळद घातली, आणि एका फेट्याला लावलं. वाळू दिलं. अंगठा फिरवला. फेटा पिवळाच राहिला.

मग काय विचारता! कुंकू भरड निघालं, तर माणिकबाईंनी ते पातळाच्या पदरातून वस्त्रगाळ करून दिलं. शेंदूरही त्यांनीच काढला. हळदीचे फेटे, कुंकवाच्या ढाली, शेंदराची निशाणं. पायाखाली बाळापूरची चाळलेली काळी माती. मी ढाली धरल्या, कारण डोळ्यांना हात लावायचा नाही असा मला कायमचा हुकूम आहे. माणिकबाई हार गुंफता गुंफता न्यायनिवाडा करत होत्या. "याले शेंदूर नको लावू, हा तुया मामावानी दिसते. मामाले पान खाताना पाह्यलं ना, तसा लाल होऊ दे, कुंकू लाव."

रविवारी अमरावतीला वकीलसाहेबांनी फौज टेबलाच्या काठावर थांबवली. एकेक सैनिक उचलला, भिंगातून पाहिला.

"गोपालराव, अंग तर उघडा धातू आहे. तो रंगात धरत नाहीत."

"नका धरू. हळद, कुंकू, शेंदूर. मोजा."

"हे पूजेचं साहित्य झालं. हळद काय रंग आहे?"

गोपालभाऊंचा चेहरा पडला. एक वर्ष त्या शब्दावर लटकलं होतं. मी काही बोलणार तोच त्यांनी खिशातून पुडी काढली. "वकीलसाहेब, तुमच्या पांढऱ्या सदऱ्याले लावू का जराशी? रंग नसंन तर धुतल्यावर जाईन."

हॉल हसला. वकीलसाहेबांनी सदऱ्याकडे पाहिलं, मग पुडीकडे, मग दोन पावलं मागं सरकले. "मांडा," म्हणाले. "पण उन्हात हळद उडते, हे नोंदवून ठेवतो."

"मंग खिडकी लावा ना, साहेब."

बाळापूरसमोर माझी फौज होती. तिच्या सगळ्या डोळ्यांना गोपालभाऊंचा हात लागलेला, आणि तेच डोळे घेऊन ती त्यांच्यावर चालून गेली. गोपालभाऊंना रंगवणं येत होतं, खेळणं नाही. ते कोणालाच पुढं पाठवेनात. "थांब, याचा फेटा निघंन," म्हणायचे आणि भालेवाल्याला मागं घ्यायचे. दुपार संपेपर्यंत बाळापूर साफ हरलं. शेवटी टेबलावर फक्त टोपलीवाली बाई उरली. माझे सगळे घोडेस्वार तिच्यापुढं उभे होते, फासे माझ्या हातात होते. माणिकबाईंवर चाल करायची माझी हिंमत झाली नाही. मी फासे खाली ठेवले. गोपालभाऊ हरूनही इतके हसत होते की वकीलसाहेबांना निकाल दोनदा सांगावा लागला.

मी आयुष्यात ज्यांचे आभार मानायला पाहिजेत त्यांची यादी तशी लांबलचक नाही. त्यातला एक माणूस त्या दिवशी माझ्यासमोर हरत होता, आणि जिंकायला मीच लाजत होतो. तोंडानं 'आभार' म्हटलं असतं तर 'भैताड' म्हणाले असते. म्हणून इथं लिहून ठेवतो आहे.

परतीची अकोल्याची बस गच्च भरलेली होती. आम्हा दोघांत एकच जागा मिळाली. गोपालभाऊंनी तिच्यावर फौजेचं खोकं ठेवलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. मीही उभा. कंडक्टर आला.

"खोकं खाली घ्या, भाऊ. माणसं उभी हायेत."

"मानसंच हायेत त्याच्यात."

"काय हाय?"

गोपालभाऊंनी खोक्यावर हात ठेवला.

"बाळापूर," म्हणाले. "काढ एक तिकीट जास्तीचं."