आधी निळी असलेली भिंत

काल दार रंगवायला ऑइलपेंटचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मूर्तिजापूरजवळची आमची शाळा आठवली. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आम्ही वस्तीतल्या पोरींनी तिची पुढची भिंत भर उन्हात निळी रंगवली होती. सुट्टीनंतर शाळा उघडली तर हेडमास्तरांनी आमच्याच हातात पॉलिशपेपर दिले. "घासा भिंत. परदेशातले पोट्टे सेवा कराले येऊन राहिले, रंगवलेली भिंत दाखवू काय त्याईले?" दिवसभर आम्ही आमचाच रंग खरवडला, नाकातोंडात निळी धूळ गेली. दुसऱ्या दिवशी आमच्याच वयाची ती मुलं एसी गाडीतून उतरली, भिंतीवर फुलपाखरं काढली, आम्हाला पुढ्यात बसवून फोटो काढले. निघताना त्यांच्यातल्या एकीने अगदी कळवळून विचारलं, या भिंतीला आजवर कुणीच रंग दिला नव्हता का? हेडमास्तर हसून म्हणाले, "नो मॅडम, नेव्हर." मग आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या नखांत निळा रंग तसाच होता, म्हणून मी टाळ्या न वाजवता हात पाठीमागे लपवले. काल दार मी निळंच रंगवलं, आणि आज नखं न घासता ऑफिसात आले आहे.