मावशीच्या चिठ्ठीतल्या चार ओळी

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. कोपरीच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी लिहिलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे आणि शाळेतून आल्यावर त्यांच्या घड्या घालायचं काम माझं. कधी पाण्यासाठी, कधी कंत्राटी सफाई कामगारांसाठी. "पहिल्या ओळीला माणूस थांबला नाही तर कागद फुकट गेला," असं बाबा सांगायचे. दहावीपासून मीही पत्रकं लिहू लागले. कुणी आपलं दुखणं सांगायला लागलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार व्हायचा. ही सवय चांगलीच आहे, असं मी धरून चालले होते.

ठाण्यातल्या ज्या कॉलेजात मी समाजकार्य शिकत होते, तिथे अधूनमधून खुल्या कार्यशाळा व्हायच्या. मला त्यांचा राग यायचा. बॅनर, पाहुण्यांना गुलाबाचं फूल, सर्टिफिकेट, फोटो. विषय ज्यांच्या कामाचा, तेवढेच लोक हॉलमध्ये नसायचे. त्या वर्षी विषय ठरला, घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी प्रशिक्षण. मी विभागाच्या मॅडमना म्हणाले, "हे काम करणाऱ्या बायका आल्या नाहीत तर आपण आपल्यालाच शिकवणार."

"मग आण तू," मॅडम म्हणाल्या.

मी पत्रक लिहिलं. सकाळी आठला या बायकांची ड्युटी बदलते, तेव्हा सोसायट्यांच्या गेटांवर उभी राहून वाटलं. आणि मानपाड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीला फोन केला. ती आधी एमआयडीसीत पॅकिंगला होती. कंपनी बंद पडल्यावर पेशंट सांभाळायला लागली. वर्षभर ती एकाच घरी होती. अर्धांगवायू झालेले, अंगाने जड आजोबा. ती त्यांना बाबाच म्हणायची.

"येते," ती म्हणाली. "मला एक विचारायचंच आहे. त्यांच्या पाठीवर लाल चट्टा उठलाय. कातडी जायच्या बेतात आहे. त्यांचा मुलगा म्हणतो, आठवड्यात बरं नाही वाटलं तर संस्थेत ठेवू. तिथं गेले तर जगायचे नाहीत गं ते. माणूस ओळखीचं लागतं त्यांना."

कार्यशाळेच्या दिवशी आजोबांच्या सूनबाईंना घरी थांबवून मावशी बसने आली. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. दारातच म्हणाली, "अगं, केवढा तो बॅनर! कुणाचं लग्न आहे?"

हॉल खरोखर भरला होता. बायका माइक हातात घेणार नाहीत म्हणून मॅडमनी मिठाईच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून ठेवली होती. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा आणि आत टाकायचा. दुपारच्या चहाला त्यांनी खोकं माझ्याकडे दिलं. "अक्षर लागत नाही गं. व्यासपीठावर वाचता येईल असं नीट उतरवून दे."

मी मागच्या बाकावर बसले. मावशीची चिठ्ठी तिसरी होती. अक्षर मी ओळखलं.

"बाबा जड आहेत. मी एकटीच असते. कूस बदलताना ओढावं लागतं, त्यांची पाठ सोलते आणि माझी कंबर जाते. एकटीने कसं वळवायचं?"

वाचून मला संताप आला. एवढ्या जड माणसाला एक बाई बारा तास एकटी का उचलते? हा प्रश्न कुणी विचारायचा? मी स्वच्छ कागद घेतला आणि लिहिलं, "रुग्णसेविकांच्या शरीराची झीज कोणाच्या हिशेबात धरली जाते? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णामागे दोन सेविका हा नियम कधी होणार?" मावशीच्या चार ओळींची घडी करून खिशात टाकली. आपण तिचं म्हणणं मोठं केलं, असं मला मनापासून वाटलं.

मॅडमनी तो कागद वाचला. टाळ्या पडल्या. फिजिओथेरपी शिकवणाऱ्या बाई उत्तर द्यायला पुढे झाल्या, तेवढ्यात प्रमुख पाहुणे म्हणाले, "हा धोरणात्मक प्रश्न आहे, मी बोलतो." ते बोलले. बराच वेळ बोलले. समिती, संवेदनशीलता, समाजाची मानसिकता. मी पेनाने मुद्दे टिपत होते. त्यांचं संपलं तेव्हा आभाराची वेळ झाली होती आणि खोक्यातले निम्मे प्रश्न तसेच राहिले.

सर्टिफिकेट घेऊन मावशी माझ्याकडे आली. "माझी चिठ्ठी काही लागली नाही बघ. मिठाईचं खोकं ना, मुंग्यांनी नेली असेल." हसली. मग पर्स खांद्यावर सरकवत म्हणाली, "जाऊ दे. मी संध्याकाळी मुलाला सांगून टाकते, मला नाही जमत. उगाच माझ्या हातून त्यांची पाठ फाटायला नको."

माझा हात खिशातल्या कागदावर होता.

"मावशी, तुझी चिठ्ठी वाचली गेली. दोन सेविकांचा प्रश्न होता ना, तो तुझा. मी बदलला."

"तो माझा? अगं, दुसरी बाई कधी मिळायची ती मिळेल. मला आज रात्री आठपर्यंत त्यांना दोनदा तरी वळवायचंय."

मी व्यासपीठाकडे पळाले. फिजिओच्या बाई चपला घालत होत्या. मी त्यांना मूळ चिठ्ठी दिली आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी चार ओळी वाचल्या. "हेच दाखवायला आले होते मी," त्या म्हणाल्या आणि चपला परत काढल्या. "हार उचला. टेबल मोकळं करा. आणि तू चढ वर, पेशंट हो."

मी टेबलावर आडवी झाले. टेबलावरून काढलेली चादर त्यांनी चौघडी करून माझ्या पाठीखाली, खांद्यापासून मांडीपर्यंत सरकवली. निघालेल्या बायका परत फिरल्या, टेबलाभोवती गोळा झाल्या.

"माणसाला ओढायचं नाही. आधी पलीकडे उभं राहून चादर धरायची, माणूस आपल्या कडेला सरकवायचा. तिकडे कठडा लावायचा, नाहीतर जड खुर्ची टेकवायची. मग या बाजूला या. लांबचा हात छातीवर, लांबचा गुडघा उभा. एक हात खांद्यावर, एक कमरेच्या हाडावर. तुमचा एक पाय पुढे, एक मागे. आता कमरेतून वाकू नका, मागच्या पायावर भार घेत आपल्याकडे वळवा."

मावशीने पर्स एकीच्या हातात दिली. पहिल्यांदा तिने सवयीने माझा दंड धरून खेचलं. कोपर टेबलाला असं घासलं की मी ओरडले.

"बघ," मावशी म्हणाली, "हे बाबांना रोज होतं. त्यांना ओरडता येत नाही, नुसतं पाणी येतं डोळ्यांतून."

दुसऱ्यांदा तिने चादर धरली. तिसऱ्यांदा मी अलगद कुशीवर वळले, कुणी वळवलं हे कळायच्या आत. बाजूची एक बाई म्हणाली, "आता मी. पोरीला उठू देऊ नका." त्या दिवशी मला बाराजणींनी वळवलं. चट्ट्यावर भार द्यायचा नाही, तो चोळायचा नाही आणि उद्याच डॉक्टरांना दाखवायचा, हे बाईंनी मावशीला दोनदा सांगितलं. पाहुणे केव्हा गेले ते कुणी पाहिलं नाही.

रात्री घरी मी माझ्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पत्रक खाली ठेवलं. मग म्हणाले, "दोन सेविकांचा प्रश्न खोटा नाही."

"नाही," मी म्हणाले. "पण तो माझा होता. मी माझ्या नावाने विचारायला हवा होता."

तो प्रश्न मी अजून विचारते, पत्रकात, सभेत, खाली माझं नाव लिहून. आणि कॉलेजात खोकं माझ्या हाती आलं की चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवते, अर्धवट वाक्यांसकट.

आठवड्याने मावशीचा फोन आला. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"चट्टा फिका पडलाय. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. मुलगा आता संस्थेचं काही बोलत नाही."

"आणि बाबा?"

"आज वळवताना शिवी दिली त्यांनी मला. अर्धीच आली तोंडातून, पण दिली," ती म्हणाली. "ठेवते गं, दुसऱ्या कुशीची वेळ झाली."