जावा सोडून थेट बाली

हा किस्सा मी कुणाला सांगू नये असं मला दोन बायकांनी बजावलंय, आणि दोघी माझ्याच घरातल्या आहेत. पण तुम्ही चहा टाकलाच आहे, तर ऐका. माणसाने स्वतःच्या हुशारीवर किती विश्वास ठेवू नये, याचा नमुना म्हणून ऐका.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या एका बिल्डिंगमध्ये राहायचो. आम्ही म्हणजे नुसते मी आणि माझा नवरा विलास नव्हे. तिघा भावांनी परळची चाळ सोडून एकाच मजल्यावर शेजारी शेजारी ब्लॉक घेतले होते. थोरल्या सुमनताई, मधल्या निशाताई आणि धाकटी मी. सासूबाई तिघींकडे आळीपाळीने. दारं दिवसभर सताड उघडी. मी इकडे शिंकले की तिकडे आलं किसायला घेतलेलं असायचं.

आमच्या मजल्यावर खरा कायदा होता तो वाटीचा. सुमनताईंकडून आमटीची वाटी आली की ती रिकामी परत करायची नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. लग्न झालं तेव्हा मला साधी कढी जमत नव्हती. सुमनताईंच्या वाट्यांवर माझा संसार उभा राहिला, हे मी आजही कुणासमोरही कबूल करेन. वाटीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विलास एका शिपिंग कंपनीत होता. दिवसभर भिंतीवरचा जगाचा नकाशा बघून त्याच्या डोक्यात वारं शिरायचं. रविवारी आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून भाईंदर पश्चिमेकडच्या डोंगरीच्या पुढे समुद्रावर जायचो. त्या दिवाळीत असेच बसलो होतो, डब्यात सुमनताईंचे अनारसे होते. समुद्राकडे बघत विलास म्हणाला, "माधवी, हा समुद्र ओलांडून पलीकडे मोटरसायकल चालवायची का?"

पलीकडे आफ्रिका आहे, हे मी बोलले नाही. नवीन नवीन लग्न होतं.

त्याच्या डोक्यात मात्र दुसरीच दिशा होती. जावा, बाली, लोंबोक! बोटीने एका बेटावर उतरायचं, भाड्याची मोटरसायकल घ्यायची, नारळीपोफळीतून हिंडायचं आणि पुढच्या बेटाची बोट पकडायची. त्याच्या कंपनीच्या तिकडच्या ऑफिसातला एकजण मदत करणार होता. फक्त आम्ही दोघं! तीन दारं उघडी ठेवून राहणाऱ्या बाईला 'फक्त आम्ही दोघं' या शब्दांनी काय होतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

अडचण एकच. घरात कळता कामा नये. आमच्याकडे सहल म्हणजे सगळ्यांनी मिळून, भाड्याची गाडी करून, कुलदेवतेला. बातमी फुटली असती तर एकतर बेत रद्द झाला असता, नाहीतर सासूबाई मोटरसायकलवर मध्ये बसल्या असत्या. तिकिटं हातात पडेपर्यंत गप्प राहायचं ठरलं.

पण ठरवायचं कसं? फोन होता शेजारच्या जशुबेनकडे. त्या काळी भाईंदरमध्ये फोनसाठी नंबर लावलेली माणसं वाट बघता बघता आजोबा व्हायची. विलास दुपारी ऑफिसातून फोन करायचा, जशुबेन "माधवी, तेरे मिस्टर का फोन!" म्हणून हाक मारायच्या आणि मी त्यांच्या सोफ्याशेजारी उभी राहून बोलायचे. जशुबेन तिथेच वाटाणे सोलायच्या. बारा महिने वाटाणे कुठून यायचे कुणास ठाऊक.

इथे माझी हुशारी सुरू होते.

मी विलासला म्हटलं, "घाबरू नकोस. जावा हा शब्द उघडउघड वापरायचा. मला दोन जावा आहेतच! कुणाला संशय येणार?"

"आणि बाली?"

"बाळी म्हणायचं. बाईचं नाव वाटेल."

"लोंबोक?"

"लोंबोकला लोंबोकच म्हण. तो शब्द ऐकून कुणाला काय कळणारेय?"

एवढ्यावर थांबले असते तरी वाचले असते. पण मी सकाळच्या शाळेत क्लार्क, मराठीच्या बाईंच्या शेजारी बसणारी. मी व्याकरणसुद्धा सांभाळलं! 'जावा मोठं आहे' म्हटलं की बेट पकडलं जाणार. म्हणून 'जावा मोठ्या आहेत' असंच म्हणायचं. डोकं म्हणायचं का काय!

झालं. रोज दुपारी फोन सुरू. माझी बाजू तेवढी ऐका, कारण जशुबेनना तेवढीच ऐकू जायची.

"हॅलो, हां... नाही रे, जावा फार पसरल्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं म्हणजे आपली सगळी रजा संपेल."

"वाचलं मी. आतून सारख्या धुमसत असतात. कधी फुटतील नेम नाही."

"लोक पहाटे उठून जावांच्या डोक्यावर चढतात म्हणे. मला नाही जमायचं."

"मी सांगते, जावा सोडू. थेट बाळीकडे जाऊन राहू. छान आहे, छोटी आहे. नंतर लोंबोक."

फोन ठेवताना मला स्वतःचा अभिमान वाटायचा. खरंच सांगते, आमच्या सहलीचा संशय कुणालाही आला नाही.

जशुबेन बाई सरळ मनाच्या. चुगली त्यांच्या स्वभावातच नव्हती. त्यांना फक्त एक मराठी शब्द अडला. गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांनी सुमनताईंना विचारलं, "भाभी, ये जावा एटले शुं?"

"जावा? जेठानी-देरानी. का हो?"

"नहीं, वो माधवी रोज फोन पे बोलती है. जावा बहोत फैल गयी है. अंदर से जलती है, कभी भी फटेगी. उसको छोड़ के बाळी के घर रहने का है. मेरे को लगा कोई बीमारी होगी."

सुमनताई अंगाने जरा भरलेल्या होत्या, हे इथे सांगायला हवं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे भोपळ्याच्या भाजीची वाटी पाठवली. ती परत आली. रिकामी. धुऊन, पुसून, रिकामी.

साखरेचा एक दाणासुद्धा नाही! मी विलासला म्हटलं, "कळलं त्यांना. सहलीचं कळलं."

"कसं कळेल? तूच म्हणालीस ना, कुणाला संशय येणार नाही?"

"जशुबेनचा भाऊ तिकिटांच्या एजन्सीत आहे ना, त्याच्या कानावर गेलं असणार, त्यानेच सांगितलं."

तिकडे निशाताईंनी स्वतंत्र तपास सुरू केला होता. आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय आणि बाळी नावाच्या बाईकडे खोली बघितलीय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. खोल्या स्वस्त कुठे? पेणकरपाड्याला. रिक्षा करून त्या तिथे गेल्यासुद्धा. आणि माझं नशीब असं की तिथे एक बाळी निघाली! मासे विकायची.

"बाली मीच हाय," ती म्हणाली, "पन माझ्याकडं खोली न्हाय. बोंबील हायेत, देऊ?"

निशाताई बोंबील घेऊन आल्या. 'ती बाळी मुद्दाम लपवतेय' असं सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी जेवण सोडलं. बोंबील खाल्ले, बाकी सोडलं.

रविवारी दुपारी विलास बाहेर गेलेला असताना तिघी आमच्या हॉलमध्ये येऊन बसल्या. दार पहिल्यांदाच आतून लावलं.

"माधवी," सुमनताई म्हणाल्या, "आम्हाला सगळं कळलंय."

मी मान खाली घातली. "मी सांगणारच होते, ताई."

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून? म्हणजे माझे अनारसे खात होतीस तेव्हा?"

"अनारसे खातानाच ठरलं."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आणि जावांचं काय?" सुमनताईंचा आवाज चढला.

"जावा सोडल्या, ताई. खूप विचार केला, पण झेपणार नाहीत. जाता जाता वरून एकदा बघून घेऊ."

"वरून?"

"खिडकीतून."

निशाताईंनी माझ्याकडे इतक्या थंड नजरेने बघितलं की मी पंखा बंद केला.

"त्या बाळीत असं काय आहे जे आमच्यात नाही?" त्या म्हणाल्या.

आता हा प्रश्न मला विचित्र वाटायला नको होता का? पण गुन्हेगाराचं डोकं चालत नाही. मी म्हटलं, "लहान आहे, ताई. शांत आहे. आणि आठवडाभरात कंटाळा आला की पुढे लोंबोक आहेच."

"शी!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना लोंबोक ही शिवी वाटली.

आणि सुमनताई, ज्यांना मी कधी डोळे पुसताना बघितलं नव्हतं, त्या रडायला लागल्या. "तुला तापात मी मांडीवर घेऊन पेज भरवली, माधवी. पसरलेय तर पसरलेय. पण मी कधी गं धुमसले तुझ्यावर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावत जाऊन कपाटामागची नकाशाची सुरळी काढली आणि सगळ्यांच्या पायाशी पसरली. "ताई, ही बघा जावा! बेट आहे, बेट! हे ज्वालामुखी! आणि ही बाली!"

सुमनताईंनी चष्मा लावला. जावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"पसरलीय खरी," त्या म्हणाल्या.

मग जे हसणं सुरू झालं, ते ऐकून जशुबेन वाटाण्यांसकट आल्या. मी सुमनताईंच्या गळ्यात पडून रडले ते वेगळंच. आणि नवल म्हणजे परवानगी मिळाली! सासूबाईसुद्धा हो म्हणाल्या. सुमनताईंनी फक्त एक अट घातली.

"जावा सोडायच्या नाहीत. जावांचा मान पहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

नाही म्हणायला मला तोंड होतं का?

गेलो. सगळी रजा जावावर गेली. खड्डे, घाट, ट्रकचा धूर, सदानकदा पंक्चर. पहाटे उठून डोक्यावरही चढले. शेवटच्या टोकाच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा परतायची वेळ झाली होती. समोर अरुंद पाणी आणि पलीकडे हिरवीगार, शांत बाली. तिथे उभं राहून आम्ही सुमनताईंच्या चकल्या खाल्ल्या आणि मागे फिरलो.

घरी आल्यावर माझ्या आईचा फोन आला. जशुबेनकडेच. पाठ धरली होती, अंग ठणकत होतं, आणि तोंडाला व्याकरण बसलं होतं ते बसलंच होतं.

"काय सांगू आई," मी म्हटलं, "जावांनी हाडं खिळखिळी केली माझी. पुन्हा आयुष्यात त्यांचं तोंड बघायची नाही!"

जशुबेननी वाटाणे बाजूला ठेवले. त्या दिवशी हसण्याच्या गडबडीत त्यांना बेटाचं कुणी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून त्या एकच मराठी शब्द शिकल्या होत्या, पण नीट शिकल्या होत्या. या वेळी त्यांनी सुमनताईंना अर्थ विचारला नाही. सरळ हिंदी करून सांगितलं, "भाभी, वो बोलती है, जेठानी लोगों ने मेरी हड्डी तोड़ दी."

संध्याकाळी मी सुमनताईंकडे वाटी पाठवली होती. तिकडून आणलेल्या मिठाईची, काठोकाठ भरून.

परत आली. धुऊन, पुसून.